आधी ऋण

घाई करू नकोस, निल्लास. पाना ठेव खाली.
घड्याळ काढ, बोटातली अंगठीही.
हो, कुणी दिलीय ते ठाऊक आहे मला.
बारा व्होल्टनी माणूस मरत नाही,
पण अंगठी आणि पाना एकत्र आले
की काय होतं, ते माझ्या या करंगळीला विचार.

ही एगिलची गाडी.
उद्या पहाटे तो ट्रॉलरवर चढेल
आणि हामरफेस्टला परतेल तेव्हा
सूर्यही नुकताच परतलेला असेल.
तोवर ही इथे, कॉडच्या रिकाम्या क्रेटांशेजारी.

गेल्या साली त्यानंच सोडवली होती बॅटरी
आणि पुढचं झाकण दिलं आपटून.
झाकणाचं कुलूप विजेवर, वीज झाकणाखाली.
तीन तास बर्फात उभा,
बाहेर असून कोंडलेला,
गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

म्हणून आधी काच खाली.
चार्जिंगची वायर काढ. झाकण उघडं ठेव,
त्याच्या कुलपात ही चिंधी कोंब.
चावी खिशात नको, चाहूल लागते हिला.
जा, ऑफिसात बिस्किटांच्या डब्यात टाकून ये.

आणि आता थांबायचं.

पंखा ऐकलास? मध्येच एक रिले टिचकी वाजवतो.
बंद केली म्हणून लगेच डोळा लागत नाही हिचा.
दारं लावली का, कोण उतरलं, किती उरलंय,
सगळं एकदा मनाशी घोकते.
पंधरा मिनिटं धर. माझ्या थर्मासमध्ये कॉफी आहे.

एगिल दारात उभा, हातातली टोपी पिळत.
"तोरहिल्ड, ही विसरते का गं?"
घड्याळ विसरेल, म्हटलं.
काचा पुन्हा शिकवाव्या लागतील, वर-खाली.
"आणि सीट? दोन नंबरचं बटण?"

एक नंबर त्याचं, लांब ढांगांचं.
दोन नंबर सुन्नीवाचं.
ती वसंतात गेली. कुठे, ते गावात कुणी विचारत नाही.
सीटचं सांगता येत नाही, मी म्हटलं.
खोटं बोलवलं नाही मला.

तो काही बोलला नाही.
बोललं तू काढलेलं मोजपट्टीचं टोक.
अकरा मिनिटं झाली होती, निल्लास! अकरा!
तू दार उघडलंस, दोन दाबलंस,
दिवे लागले, पंखा घरघरला,
आणि सीट सरकत पुढे आली,
पुढे, आणखी पुढे,
जणू कुणी छोट्या पायांनी पेडल शोधतंय.
पेडलपासून एकेचाळीस सेंटिमीटर.
पाठ जरा उभी.
तू चिकटपट्टीवर पेन्सिलीनं लिहिलंस
आणि ती एगिलला दिलीस.
त्यानं ती टोपीच्या आत चिकटवली.

मग पुन्हा पंधरा मिनिटं, पहिल्यापासून.
कुणी तक्रार केली नाही.

आता घे पाना. दहा नंबरचा.
आधी ऋण. नेहमी आधी ऋण,
मग काय तो धनाचा विचार.
टोक कापडात गुंडाळ, बाजूला वाकव,
नाहीतर स्प्रिंगसारखं परत येऊन चिकटेल.
ही एवढीशी डबी हो म्हणते,
तेव्हा कुठे खालच्या थोरलीचं दार उघडतं,
चारशे व्होल्टचं. आता ते बंद.
तरी भरवसा धरू नकोस.
नारिंगी वायरी दिसल्या की हात पाठीमागे बांधायचे,
देवळात नव्हे, वीजघरात आल्यासारखे.

झालं. सगळं शांत.
उघड्या काचेवर जुनी ताडपत्री बांध,
गाठ अशी मार की हातमोज्यांनीही सुटावी.

फेब्रुवारीत उलटं करायचं:
आधी धन, शेवटी ऋण.
बारीक ठिणगी उडेल, दचकू नकोस.
घड्याळ चुकीची वेळ दाखवेल.
एगिलला म्हणायचं, टोपी काढ.