धावदोरा

धनतेरसला शटर ओढून डोंगराकडं निघणारा
तळोद्यात शिंपी मी एकटाच.
बँकेतल्या सैंदाणेबाईंचं राणी रंगाचं ब्लाऊज
हुकांवाचून राहिलं होतं.
राहू दे म्हटलं.

जीप सोडली, तिथून पाय.
पिशवीत दादरच्या भाकरी, ठेचा,
औषधाच्या जुन्या बाटलीत गोडंतेल.
अस्तंब्याच्या रात्री कुणी तेल मागितलं
तर नाही म्हणू नये, अशी आमच्याकडं रीत.
कपाळाची जखम घेऊन तो फिरतो म्हणे अजून,
चुकलेल्याला वाट दाखवतो,
आणि स्वतः चुकलेलाच.
मी त्याला कधी पाहिलं नाही.
बाटली मात्र दरवर्षी नेतो.

दुसऱ्या चढाला ती दगडावर बसलेली,
एक बूट पायात, एक हातात.
माझी नजर शिंप्याची :
उंची पाच-नऊ, खांदा रुंद,
डावा जरा उतरलेला, पाठपिशवीच्या ओझ्यानं.
वय सांगता येईना. मापात वय येत नाही.
टाचेवरचा फोड चांगला रुपयाएवढा.
तिनं माझ्या बाटलीकडं बोट केलं.

अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

'बठ, बठी ऱ्हाय,' म्हटलं.
सुई कॉलरला कायमच असते.
मागून दोन पावरा पोरं आली, सायसिंग आणि दित्या,
त्यांच्या काडीवर ती तापवली,
फोडातून पांढरा दोरा आरपार ओढला,
पाणी निथळलं, वर तेल.
ती एकच शब्द बोलली. शिवी असावी,
कारण नंतर लाजली.

माझी अहिराणी पोरांना निम्मी कळते,
त्यांची पावरी मला पाव,
तिची आम्हा तिघांना शून्य.
उरलं त्यावर रात्र काढली.
नाव मार्येता. मी भाईदास, तिच्या तोंडात बायदाश.
तिनं काटकीनं मातीत आपला देश काढला,
बाहीच्या तुकड्यासारखा, एका टोकाला फुली.
मी माझा काढायला गेलो, जागा पुरेना,
मग नुसतं तळोदा काढलं :
एक रस्ता, एक दुकान.
दित्यानं त्यावर पाय देऊन भाकरी मागितली.

ठेचा खाऊन ती रडली, परत घेतला.

सायसिंगनं एक बोट वर केलं : एकली?
तिनंही एक केलं.
मग आमच्याकडं बघत मोजायला लागली
आणि पाच बोटांवर थांबली.
दित्यानं मागं वळून पाहिलं.
वाटेवर बॅटऱ्या चढत होत्या यात्रेकरूंच्या,
कोण कोण असेल.
कुणी काही बोललं नाही. मी बाटली उघडीच ठेवली.

उजाडता शिखरावर पोचलो तर धुकं,
हात लांब केला तर बोटं दिसेनात.
एवढं चालून हे बघायला आलीस, बाई?
तिला कळलं की काय, खूप हसली.

उतरताना तिच्या पिशवीचा बंद उसवला.
खिशात रीळ एकच, राणी रंगाचं.
उभ्या उभ्या दोरा घातला.
ती पोरांबरोबर धडगावच्या अंगाला गेली,
मी तळोद्याच्या.
वळणावर एकदा तो बंद दिसला, लग्नातल्यासारखा,
मग साग.

धावदोरा कच्चा असतो.
कापड जागेवर राहावं म्हणून घालायचा,
पक्की शिलाई झाली की ओढून काढायचा.
तिथं मशीन नव्हतं, तर पक्की झालीच नाही.
कुठवर टिकला असेल, असं कधी कधी
पायडल मारता मारता मनात येतं,
विमानतळावर, की त्या फुलीपर्यंत?

पाडव्याला दुकान उघडलं.
सैंदाणेबाईंच्या हुकांना लाल दोरा लावला.
त्यांच्या लगेच लक्षात आलं.
'राणी संपला,' मी म्हटलं.
कुठं संपला, ते त्यांनी विचारलं नाही.
वीस रुपये मात्र कमी दिले.