टंकलेखिकेचा जबाब

पानामागे दोन पेन्स, चहा तिच्याकडून,
असा आमचा करार होता.
देवदूतांची नावं तिच्या अक्षरात लागत नसत.
"बाई, हे नाव आहे की शाईचा डाग?"
"ठेव तसंच," ती म्हणायची, "त्यांना सवय आहे."

हेप्झिबा थॉर्ली. हल बंदरातल्या
मासे खारवणाऱ्याची धाकटी मुलगी.
हातांना जन्मभर मिठाच्या भेगा.
त्याच हातांनी ती खडूचं वर्तुळ काढायची
दिवाणखान्याच्या फळ्यांवर, एका दमात,
आणि मग उठायची गुडघे धरून, कण्हत.
वर्तुळात कोण? ट्रामचा निवृत्त कंडक्टर,
नवरा समुद्राला दिलेली मिसेस ऑक्स्टोबी,
आणि झोप हरवलेला एक दंतवैद्य.
पाद्री तिला पाहून रस्ता ओलांडायचा.
कोळ्यांच्या बायका मात्र मागच्या दाराने यायच्या,
पदराखाली नाही, टोपीत अंडी लपवून.

तिची विद्या मी टाइप केली. कळली, असं नाही म्हणणार.
"देव बाहेर नसतो," येरझारा घालत ती सांगायची,
"आणि आत असतो म्हणणारे आळशी.
तो उंबऱ्यावर असतो, ओल्या बुटांनी,
कुणी 'ये' म्हणेपर्यंत."
कंडक्टर म्हणाला, "आणि कुणी म्हणालंच नाही तर?"
ती थांबली.
मग माझ्याकडे वळून: "हे नको घेऊस."

एक्केचाळीसच्या मे महिन्यात आभाळ पेटलं.
तिने सगळ्यांना बसवलं, रात्रीमागून रात्र,
मिटल्या डोळ्यांनी नदीवर छप्पर शाकारायला,
निळं, एकेक कौल मनाने रचत.
चौथ्या रात्री समोरची बेकरी गेली.
बेकर गेला, त्याच्या दोन मुली गेल्या.
पीठ पहाटेपर्यंत खाली उतरत होतं,
आमच्या खिडकीवर, खडूच्या रेघेवर.

वाटलं, आता ही कारण काढणार:
ग्रह, पूर्वजन्म, आमची कच्ची श्रद्धा.
मी कागद चढवून बसले होते.
ती बराच वेळ काच पुसत राहिली.
"लिही," म्हणाली. "छप्पर गळतं."
पुढे काही नाही.
खाली तीन नावं, तिने स्वतःच्या हाताने,
या वेळी लख्ख, एकेक अक्षर सुटं.

दंतवैद्य परत आला नाही.
वर्तुळ त्या रात्रीही काढलं तिने,
जरा मोठं. का, ते मी विचारलं नाही.

आता लांबून लांबून तरुण पोरं येतात,
वह्या घेऊन. "त्यांना पलीकडचं दिसायचं?"
मी सांगते, चष्मा लागला होता,
करून घेतला नाही. पैसे अंड्यांत यायचे.
ते हसतात. लिहून घेत नाहीत.

मी भाविक नाही. दोन पेन्स घेतले, पानं मोजून.
पण पाऊस लागला की रात्री
दाराशी जुनं गोणपाट टाकते,
आणि कडी लावायला विसरते, मुद्दाम.
येत कुणी नाही.
शेजारचं मांजर येतं फक्त,
पाय न पुसता.