एकदम आत आणू नये

गावाचं नाव मार्केट.
फोनवर सांगितलं तेव्हा आईने विचारलं, कशाचं?
बर्फाचं, म्हटलं. नोव्हेंबर ते एप्रिल. घाऊक.

आज उणे अकरा.
शेजारच्या परसात आर्वो कांगास
दाढीच्या जुन्या ब्रशने रूळ झाडतोय.
पितळी रूळ, तीन बोटं रुंद,
कमरेएवढ्या खांबांवर चढवलेले,
सफरचंदाला वळसा घालून शेडच्या मागून परत.
सांध्यासांध्यात फट पडलीय.
"आखडलेत," तो म्हणतो, "माझ्या गुडघ्यांसारखे."
फटीत माझं नख जातं, त्याचं जात नाही.
मग चालेल, म्हणतो.

इंजिन काळं, मांजरीएवढं.
चाक फिरवून बघितलं
तर थंडीतल्या तुपात चमचा रुतावा तसं.
आणि गॅस.
शून्याखाली त्याला वर यायची इच्छाच होत नाही;
डबी भरलेली, हलवली की डचमळते,
तोंडाशी मात्र काही नाही.
आर्वो ती कोटात घालतो, काखेत दाबतो,
रवणीला बसलेल्या कोंबडीसारखा
गंभीर चेहऱ्याने उभा राहतो.

हे मला येतं.
घरी जाऊन पातेल्यात पाणी आणते,
दिवाळीच्या पहाटे खोबरेलाची बाटली
ज्यात उभी करायचो, तसलं.
"कोमट," मी बजावते, "कढत नाही."
पन्नास वर्षं त्याला हे ठाऊक असणार.
तरी मान डोलावतो.

पहिली काडी विझते.
दुसरीला फुस्स.
तिसरीला ज्योत धरते, मग वाट बघणं, मग
ती वाफ!
उन्हाळ्यात हेच इंजिन नुसतं खोकतं.
आज त्याच्या दसपट पांढरा ढग
फांद्यांत अडकून राहतो,
गाडी पुढे गेली तरी.
मागे चार डबे. चौथ्यात
ऊर्होने तासलेले काडीएवढे ओंडके.
शेडमागे गेली की फक्त आवाज.
आम्ही दोघं मनात आकडे मोजतो.
येते.

ऊर्होचं मी विचारत नाही.
धाकटा भाऊ. रूळ दोघांनी घातले होते.
जानेवारीत गेला.
जमीन चार फूट गोठलेली, कुदळ लागत नाही,
म्हणून पेटी
दफनभूमीच्या दगडी खोलीत ठेवलीय, मे महिन्यापर्यंत.
हे टपाल आणणाऱ्या डार्लीनने सांगितलं,
पाकिटं चाळता चाळता.

पाचव्या फेरीला दम संपतो.
उरलेलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर गोठून बॉयलर फाटेल.
डबे मोजायचे, रुळांवर ताडपत्री.
एवढ्यात इंजिन पुन्हा दगडासारखं गार,
आणि माझं नाक आहे की नाही, कळत नाही.
ते पदराखाली घ्यावं तसं जाकिटात घेऊन
मी त्याच्या स्वयंपाकघराकडे निघते.
कॉफीचा वास पायरीपर्यंत आलेला.

"नको!"
आर्वोचा एवढा मोठा आवाज
मी सहा वर्षांत ऐकला नव्हता.
"एकदम आत नाही आणायचं.
घाम फुटतो त्याला. सांदीकोपऱ्यातून पाणी सुटतं.
पुसलं तरी आत राहतं."
पेटीत ठेवायचं. झाकण लावायचं.
आधी ओसरीत. मग दाराच्या आत.
मग कधीतरी स्वयंपाकघरात, तेही शेगडीपासून लांब.
"ऊर्होला धीर नव्हता," तो म्हणतो.
"त्याची दोन इंजिनं गंजून गेली."
ब्रशमधला बर्फ तो बराच वेळ झटकत राहतो.

ओसरीत एकच बाक.
आम्ही बसतो, कोट न काढता,
झाकण लावलेली पेटी दोघांच्या मध्ये.
आत कॉफी करपत असावी.
मी उठायला लागते.
आर्वो बाही वर करून घड्याळ बघतो.
"अजून वीस मिनिटं," म्हणतो.