मिरचीचे हात

नंदुरबारबाहेर, पथारीवर,
सकाळपासून दिवस कलेपर्यंत
मी मिरचीचे देठ खुडते.
जिकडे बघावं तिकडे लाल.
रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून फोटो काढतात,
शिंकतात, निघून जातात.
आम्ही तोंडाला फडकं बांधतो.
हातांना काय बांधणार?
देठ बोटांनीच तुटतो.

माझ्या सलोमीच्या रक्तात विळे आहेत.
डॉक्टरनं केसपेपरच्या मागं काढून दाखवलं,
ही गोल, चांगली पेशी. ही वाकडी.
मी म्हटलं, हा तर आमचा भाताचा विळा,
घरी कुडाला खोचलेला असतो तोच.
तो हसला नाही. म्हणाला,
अर्धा तुमच्याकडून, अर्धा तिच्या वडिलांकडून.
त्या दिवशी परतताना
थोमा आणि मी एकाच बाकावर बसलो.
तो एका खिडकीकडे बघत होता,
मी दुसऱ्या.

थंडी पडली की विळे चालू लागतात,
गुडघ्यात, पाठीत, बोटांच्या पेरांत.
अकरा वर्षांची पोर. ओरडत नाही,
उशीचा कोपरा चावते
आणि म्हणते, आई, हात ठेव.

आणि माझे हात!
साबणानं धुवा, ताकात बुडवा,
तेल लावा, राख चोळा,
मिरची जात नाही.
मी तिच्या कपाळावर कोपर ठेवते.
लेकराला कोपरानं गोंजारणारी आई
कुठे पाहिलीस का रे, प्रभू?

नणंद म्हणाली, एकदा भगताकडे ने.
वर म्हणाली, तुमच्या देवाला
स्वतःचे खिळे काढता आले नाहीत,
तो हिचं काय काढणार?
मी गप्प तांदूळ निवडत राहिले.
उत्तर रात्री सुचलं, सिव्हिलच्या वॉर्डात,
सलाइनचे थेंब मोजताना.
बाई गं, तो उतरला असता
तर घरी गेला असता.
बरे झालेले सगळे घरीच जातात,
मागे वळून कोण बघतं
खाट नंबर चौदाकडे?
तो राहिला तिथंच. म्हणून इथं असतो.

हे मला रोज पटत नाही.
काही रात्री प्रार्थनेला गुडघे टेकते
आणि नुसती आठवड्याची मजुरी मोजते.
काही रात्री म्हणते, तुझी इच्छा तुझ्याजवळ ठेव,
मला एक झोप दे, तिची.
आमेन न म्हणताच उठते.
पाळकसाहेब सांगतात, विश्वासानं डोंगर हलतात.
माझ्याच्यानं स्टूल हलत नाही.
माझा विश्वास मिरचीच्या बीएवढा असेल,
तोही डोळ्यात गेलेला.
रडवतो, पण
चोळून चोळूनही निघत नाही.

नाताळ होऊन वीस दिवस झाले.
वॉर्डाच्या दारावर कुणी लावलेली कागदी चांदणी
एका टोकानं लोंबते आहे.
दोरकाबाई नवापूरहून पॅसेंजरनं आली,
गरम पाण्याची पिशवी ओढणीत गुंडाळून.
एक वचन म्हटलं नाही तिनं.
पोरीचे पाय मांडीवर घेतले,
आणि स्वतः घोरू लागली.
तिच्या घोरण्यानंच
मला त्या रात्री पहिल्यांदा हसू आलं.

तीनच्या सुमारास सलोमी जागी झाली.
आई, हात.
म्हटलं, भाजेल गं.
भाजू दे, तुझाच आहे ना.
माझा पंजा ओढून तिनं कपाळावर घेतला.
डोळे मिटले, ओठ दाबले.
मग म्हणाली, बघ, आता तिखट एवढं लागतंय
की गुडघा विसरला.

खोटं बोलत होती.
मला कळलं. मला कळलं हे तिलाही कळलं.
मी हात काढला नाही.