रविवारी दुपारी तीन ते पाच

अठरा पूर्ण झाली की संस्था सोडायची.
नियम आहे. मी केलेला नाही.
मी लक्ष्मीपुरीत कॅशियर होतो, एकतीस वर्षं,
दुसऱ्यांच्या नोटा थुंकी न लावता मोजल्या.
आता रविवारी दुपारी या पोरांना शिकवतो
जे मला कुणी शिकवलं नव्हतं,
आणि येत नाही हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं.

पहिल्या रविवारी रेग्युलेटर.
आधी वास, मग काडी.
वास आलाच, तर खिडकी उघडायची,
बटणाला हात लावायचा नाही.
नसीमनं विचारलं, "आणि खोलीला खिडकीच नसली तर?"
ती उद्यमनगरामागे खोल्या बघून आली होती.
मी माझ्याच वहीत लिहून घेतलं:
भाड्याच्या आधी खिडकी विचारणे.

मग फ्यूजची तार, शर्टाचं बटण,
केएमटीचा पास, पगाराच्या चिठ्ठीतली कपात.
"काका, विश्वास आहे, पण पावती द्या"
हे वाक्य आम्ही पाढ्यासारखं म्हटलं,
दहादा, मोठ्यानं,
न लाजता यावं म्हणून.
आणि जामिनाबद्दल एवढंच:
दोस्तीत जीव द्या हवा तर,
सही देऊ नका.
पोरं खदखदून हसली. मी हसत नव्हतो.

सहीचा रविवार लांबला.
यल्लाप्पानं सतरा कागद भरले,
प्रत्येक सही वेगळ्याच माणसाची.
"सारखी यायला हवी, बाबा,
नमुन्याशी जुळली नाही तर चेक परत येतो."
"नमुना कुणाचा, सर?"
"तुझाच."
तो पेनाचं टोपण चावत बसला.
आडनाव त्याला संस्थेनं दिलेलं,
कुणा जुन्या अधीक्षकांचं, ज्यांना त्यानं पाहिलं नव्हतं.
त्या उसन्या आडनावाच्या शेवटच्या अक्षराला
शेपटी काढायची की नाही,
हे ठरवायला त्याला पाऊण तास लागला.
काढली शेवटी. लांब,
कागदाच्या कडेपर्यंत.

फॉर्मवर एक रकाना असतो, कायमचा पत्ता.
बाकीचे मी भराभर सांगत गेलो,
इथं आल्यावर पाणी प्यायला उठलो.
माठाजवळ उगाच उभा राहिलो.
परत आलो, तर सगळ्यांनी लिहून टाकलेलं:
'वरीलप्रमाणे'.
वर संस्थेचा पत्ता होता,
जो चौदा तारखेपासून त्यांचा नव्हता.
मी लाल पेन उघडलं,
आणि पुन्हा मिटलं.

यल्लाप्पा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत लागला.
पहिल्या पगाराला पावतीचा फोटो पाठवला, डिपॉझिटच्या.
मग दोन महिने काही नाही.

मग एका रात्री, साडेअकराला,
गुऱ्हाळांचा गोड धूर थंडीनं खाली बसलेला असताना,
"सर, झोपलासा काय?"
"नाही रे," मी अंधारात चष्मा शोधत म्हणालो.
"ताप आलाय. पार्टनर गावाला गेलाय.
त्याचा कुकर हाय. तांदूळ हायत.
पेज कशी करत्यात?"

पाच महिने शिकवलं.
चेक, तार, टाका, करार.
एकट्यानं आजारी कसं पडायचं, ते राहून गेलं होतं.
आणि पेज मलाही येत नव्हती.

"थांब," म्हटलं, "मीपण लावतो."
फोन कट्ट्यावर ठेवला, स्पीकर चालू.
एक मूठ तांदूळ. तिकडे एक मूठ.
पाणी किती? बोटाची दोन पेरं?
"तीन घालू या," तो म्हणाला, "पातळ बरी."
मीठ चिमूटभर. वास घेतला, मग काडी.
तिकडेही काडी ओढल्याचा आवाज आला.

आम्ही बोललो नाही फारसं.
तो खोकायचा. मी ओट्यावरचं पाणी पुसत होतो,
जे आधीच पुसलेलं होतं.

पहिली शिट्टी त्याच्याकडे झाली.
"तुमची झाली, सर?"
"नाही अजून."
"मग थांबतो की," तो म्हणाला.