चोमिनचा दुसरा गिअर

चोमिनने ते वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं,
मासळी आणावी तसं.
टेबलावर उलगडलं:
दुसऱ्या गिअरचं चाक, अठ्ठावीस दात,
त्यातला एक गायब.
‘तिसऱ्यांदा,’ तो म्हणाला,
आणि माझ्याकडे असं बघितलं
जणू दात मीच पाडला होता.

तुटल्या जागी भिंग धरलं.
ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा बारीक रेघा,
एकीमागे एक,
सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यापासून निघालेल्या.
एका दिवसात नाही तुटलेला हा.
दर मंगळवारी, चीजच्या पेट्यांनी भरलेली गाडी
आस्कारातेचा घाट चढताना
थोडा थोडा तुटत होता,
आणि चोमिन रेडिओचा आवाज वाढवत होता.

बनवणाऱ्याने आरपार कडक केला होता.
पोटापर्यंत काच.
बाबा असते तर थुंकले असते.

बाबांच्या वेळी लोखंडी पेट्या होत्या.
हाडांच्या कोळशाच्या भुकटीत चाकं पुरायची,
झाकणाला माती लिंपायची, रात्रभर भट्टी.
सकाळी त्यांच्या अंगाला जो वास यायचा
तो आई अंगणातच थांबवायची.
रंग बघून तापमान सांगायचे ते,
चेरीचा, मग संत्र्याचा.
मी आकडा वाचते. नऊशे तीस.
आकडा खोटं बोलत नाही,
पण त्याच्याकडे बघत बसावंसं वाटत नाही.

नवं चाक इबोनने कापून दिलं.
रात्रपाळीत, मोठ्या कंपनीच्या तीनशे चाकांच्या टोपलीत
कोपऱ्यात तारेने बांधून टाकलं.
(हे मालकाला कळायला नको.)
सात तास.
वायूतला कार्बन कातडीत मुरतो,
एक मिलिमीटर, बस.
हाव केली तर कवच टवके होऊन उडतं.
मग तेल.
म्हणायचं पाणी देणं, देतो मात्र तेल.
एक लांब फूत्कार, धूर,
आणि चष्म्यावर पातळ साय.

मग थंडी. नायट्रोजन, उणे एकशे नव्वद,
हळू, अगदी हळू, घाई केली तर तडा.
पोलादात काही कण हट्टी असतात,
आगीतून जाऊन येतात आणि तसेच राहतात.
त्यांना गारठ्यातच कबूल करवावं लागतं.
मग एकशे ऐंशीवर दोन तास, ताण उतरायला.

आणि शेवटी छरे.
बंद पेटीत गारपीट,
दातांच्या मुळाशी, जिथे सगळी भांडणं सुरू होतात.
प्रत्येक छरा एवढीशी खळगी पाडतो
आणि खळगीखालचं पोलाद अंग आवळून बसतं.
पुढे कधी भेग आलीच उघडायला
तर दार आतून कुणीतरी दाबून धरलेलं.

‘वर कडक, आत मऊ,’ इबोन म्हणाला,
‘माणसांचंही तसंच असतं, नाही गार्बिन्ये?’
मी म्हटलं, नाही.
बाबांची कातडी शेवटी शेवटी
बोट लागलं तरी निळी पडायची,
आणि आत काहीच वाकत नव्हतं.
आमच्यात तुटलं तेव्हा
कुणी भिंग धरलं नाही.
मीही नाही.

कानस फिरवून बघितली. घसरली.
चोमिनने चाक तळहातावर तोललं,
मग दुसऱ्या तळहातावर,
आणि पैशांऐवजी धुरावलेलं चीज ठेवून गेला.
काही झालं तर फोन करेन म्हणाला.

अकरा मंगळवार झाले.
पाळी संपवून मी देबाच्या पुलावर येते
तेव्हा अजून उजाडलेलं नसतं.
वर घाटात कुणाची तरी गाडी
तिसऱ्यातून दुसऱ्यात पडते.
मी थांबते.
नुसतं इंजिन. दातांचा आवाज नाही.
चोमिनच असेल असं नाही,
तरी ती वळणाआड जाईपर्यंत ऐकते.

चीज मात्र संपलं.