चाळीस तास

अर्जात अनुभवाचा रकाना.
मी लिहिलं : अकरा वर्षं, मिरज, स्लॅबची कामं.
खिडकीतल्या बाईनं हसून काट मारली :
इथला नाही.

मग कोवाल्चिकच्या मागून चाळीस तास,
बफेलोतली लाकडी घरं,
पोटावर सरपटत जमिनीखाली,
कोपरांना ओल, ओठांवर जळमटं.
टॉर्च माझा, सही त्याची.

एकोणचाळिसाव्या तासाला
एका तुळईवर मी बोटं वाजवली,
कुंभाराकडं आई माठ वाजवून बघायची तशी.
बद्द बोलली.
“कुजलीय.”
त्यानं स्क्रूड्रायव्हर टोचला,
मुठीपर्यंत आत.

“हे कुठल्या कोर्सात?”

वर, घर घेणारं जोडपं
पडद्यांचा रंग ठरवत होतं.
मी वहीत तास मांडला.
गुडघ्यांवरची माती
झटकली नाही.